सुईच्या टोकावरचा खर्च

"रेकॉर्डचा आवाज तो रेकॉर्डचा, सीडीला त्याची सर नाही" हे वाक्य गेल्या काही वर्षांत पुन्हा सगळीकडे ऐकू यायला लागलंय. ज्यांनी आयुष्यात एकदाही सुई बदललेली नाही तेही ते छातीठोकपणे टाकतात. मग आमच्यासारखा कोणीतरी इंजिनिअर गडी उठतो, चार आकडे फेकतो आणि समोरच्याला अडाणी ठरवून मोकळा होतो. चहा संपतो, वाद संपत नाही.

माझं मत दोघांनाही आवडणार नाही. आकड्यांत एलपी डिजिटलच्या जवळपासही नाही आणि कधी येणारही नाही. पण घरातल्या टर्नटेबलवर, माफक खर्चात, पाच मिनिटांत यंत्र विसरून गाणं ऐकू लागाल इतका चांगला आवाज नक्की काढता येतो. बरोबरी म्हणायची तर एवढीच, आणि तेवढी पुरते. घोळ असा आहे की त्यासाठी पैसे कुठे घालायचे याचा क्रम बहुतेक लोक नेमका उलटा लावतात. त्यात नुसते पैसे जात नाहीत, रेकॉर्डही जातात. पैसे पुन्हा मिळवता येतात.

आधी आकडे, म्हणजे तो विषय एकदाचा संपेल. सीडी १६ बिटची, म्हणून तिची डायनॅमिक रेंज कागदावर सुमारे ९६ डेसिबल. उत्तम दाबलेली, स्वच्छ एलपी ६०-६५ च्या आसपास, फार तर ७०. डावा आणि उजवा चॅनल एकमेकांत किती मिसळतात? चांगलं कार्ट्रिज त्यांना २५ ते ३० डेसिबलने वेगळं ठेवतं, सीडी प्लेअर ९० च्या घरात. वेगातली थरथर बघा: टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ हे १९७९ चं मॉडेल म्हणजे या बाबतीत नावाजलेलं यंत्र, त्याचा आकडा ०.०२५ टक्के. डिजिटलमध्ये ती जवळजवळ मोजण्यापलीकडे असते. शिवाय एलपी कापताना खालचे स्वर दाबावे लागतात आणि वरचे चढवावे लागतात. २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल खाली, २० किलोहर्ट्झला साधारण तितकंच वर. हाच तो १९५४ पासूनचा आरआयएए कर्व्ह. ऐकताना हे सगळं पुन्हा उलटं फिरवायचं. १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, त्या दिवशी ही आकड्यांची शर्यत संपली. यावर आता वाद नको.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला?

कारण साधं आहे. काही रेकॉर्डिंग्ज फक्त तबकडीवरच आहेत. नाट्यपदांच्या जुन्या ईपी, लहान कंपन्यांनी काढलेली भावगीतं, कोणा विसरलेल्या गायकाची एकुलती एक एलपी. हे सगळंच काही सीडीवर आलं नाही, स्ट्रीमिंगवर तर शोधूनही मिळत नाही. आणि जे आलं त्यातलं काही असं आलं की खरखर काढण्याच्या नादात तंबोराही धुऊन निघाला. खर्जाच्या तारेतून वर उमलत जाणारे ते बारीक स्वर गायबच. कोणी केलं ते सोडा, पण माझ्याकडच्या दोन-तीन सीडी मी केवळ याच कारणासाठी कपाटात ठेवून दिल्यात. यात बिचाऱ्या डिजिटलचा दोष नाही. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ साली आला तेव्हा सीडीवरचा आवाज इतका दाबून मोठा केला होता की चाहत्यांनी बोंब मारली. आणि त्याच गाण्यांचं 'गिटार हिरो' या खेळातलं रूप जास्त मोकळं वाजत होतं. तेही डिजिटलच! म्हणजे माध्यमापेक्षा त्यावर काम करणाऱ्याचा हात महत्त्वाचा.

तर, घरात अशा रेकॉर्ड असतील आणि त्या नीट ऐकायच्या असतील, तर टर्नटेबल सुधारायला हवं. कसं?

आपल्या धंद्यात एक नियम सगळ्यांना पाठ असतो: आधी मोजा कुठे अडतंय, मग तिथेच हात घाला. प्रोग्रॅमचा नव्वद टक्के वेळ एका फंक्शनमध्ये जात असेल तर बाकीचा कोड कितीही घासलात तरी काही होत नाही. ऑफिसात हे आपण ज्युनिअरांना समजावतो, आणि घरी येऊन हजारो रुपयांची केबल विकत घेतो :-)

टर्नटेबलमध्ये कुठे अडतं? सुई खाचेला टेकते तिथे. बाकी सगळं नंतर.

हे आपल्या ख्यालाच्या एलपीवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच. हिशोब करून बघा. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, हा वेग कायम. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुई बरंच अंतर कापते आणि आत लेबलजवळ बरंच कमी. बाहेर खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आत साधारण २१. म्हणजे तेवढाच एक सेकंद आत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. १० किलोहर्ट्झची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब, आत फक्त २१.

आता सुई. साधी गोल टोकाची सुई १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येची. तिला २१ मायक्रॉनच्या लहरीत शिरायला सांगणं म्हणजे गल्लीबोळात एसटी वळवायला सांगणं. ती वळणं घेत नाही, कापत जाते. कानाला ते फाटल्यासारखं, 'स' आणि 'श' चरचरल्यासारखं ऐकू येतं.

आणि ख्यालाची एलपी कशी असते? बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. सुरुवातीला आलापी, विलंबित, म्हणजे शांत आणि संथ भाग बाहेरच्या कडेला, जिथे जागाच जागा. मग लय वाढते, द्रुत येतं, ताना सुरू होतात, तबला तापतो. हे सगळं आतल्या कडेला, जिथे जागा सर्वात कमी! अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीसारखी एका बाजूला एकच राग असलेली कुठलीही तबकडी घ्या. गाणं जिथे सर्वात गुंतागुंतीचं होतं तिथेच माध्यम सर्वात दुबळं असतं. "रेकॉर्ड शेवटी शेवटी फाटते" असं जे म्हणतात त्यात गायकाचा दोष नाही आणि दर वेळी रेकॉर्डचाही नाही. सुई जाडी आहे.

म्हणून माझा पहिला खर्च: सुई. एलिप्टिकल सुईची बाजूची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन, आणि मायक्रोलिनिअर नावाच्या सुईची साधारण ३. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेचं मला एक आवडतं. कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून नुसती सुई काढून दुसरी बसवता येते, अगदी साध्या गोल सुईपासून मायक्रोलिनिअरपर्यंत. आज जमेल ती घ्या, पुढच्या बोनसला वरची घ्या. सुईचं आयुष्यही बघा. कंपनीच्याच अंदाजाने एलिप्टिकल साधारण ३०० तास आणि मायक्रोलिनिअर साधारण १०००. रोज एक एलपी ऐकलीत, म्हणजे चाळीसेक मिनिटं, तर ३०० तास सव्वा वर्षात संपतात. म्हणजे महागडी सुई तासाच्या हिशोबात तेवढी महाग राहत नाही.

आणि इथेच तो रेकॉर्ड जाण्याचा मुद्दा येतो. आपल्याकडच्या जुन्या प्लेअरांत सर्रास सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. ते पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त भार खाचेवर टाकायचं, आणि सुई वर्षानुवर्षं तीच. आज ऑनलाइन मिळणारे ते गोंडस सूटकेस प्लेअर आतून बरेचसे तसेच असतात. बऱ्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. झिजलेली सुई म्हणजे पटाशी. ती रेकॉर्ड वाजवत वाजवत खरवडते, आणि खरवडलेलं परत येत नाही. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड हातात घेऊन उजेडात तिरकी धरली की काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टे दिसतात, ते बऱ्याचदा याचेच. आजोबांच्या रेकॉर्ड माळ्यावरून काढून हौसेने सूटकेसवर लावणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: बाबांनो, थांबा. आधी सुई बघा. ती तबकडी जगात आणखी कुठे आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही.

दुसरा खर्च जवळजवळ फुकट: जुळवणी. कार्ट्रिज हेडशेलमध्ये नीट कोनात बसलं नसेल तर तीन मायक्रॉनची सुईही वाकडीच चालते. प्रोट्रॅक्टर कागदावर छापून घ्या. नेहमीच्या मापात दोन बिंदू ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात, तिथे कार्ट्रिज रेषांना समांतर दिसलं पाहिजे. छापताना प्रिंटरने कागदावर 'फिट' करून आकार बदलला नाही ना, हे आधी पट्टीने मोजा. मग सुईचा भार मोजायला छोटा डिजिटल काटा, काही शे रुपयांत मिळतो. टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. अख्खी संध्याकाळ जाईल, मान अवघडेल, पण एवढ्या खर्चात एवढा फरक दुसरी कुठलीच गोष्ट देत नाही.

तिसरा: स्वच्छता. आपल्याकडे पंखा आहे, धूळ आहे, पावसाळा आहे आणि पावसाळ्यात बुरशी आहे. टकटक आणि खरखर यातला निदान काही भाग रेकॉर्डचा नसून तिच्यावर बसलेल्या घाणीचा असतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड किंवा ब्रश, खाचेच्या दिशेने पुसायचं आणि नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. मात्र एक लक्षात ठेवा: अल्कोहोल फक्त व्हायनलसाठी. जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना ते लावायचं नाही, लाख विरघळते. (त्यांना सुईही वेगळी लागते, ७५ मायक्रॉनच्या आसपासची.) रेकॉर्ड उभ्या ठेवा, आतलं कव्हर नवं घाला, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको.

चौथा: वेग. इथे गायनाचे कान उपयोगी पडतात. पाश्चात्य रॉक ऐकणाऱ्याला न जाणवणारी थरथर तंबोरा आणि पेटी लगेच उघडी पाडतात, कारण त्या स्वराने हलायचंच नसतं. वेग तपासायला स्ट्रोबची चकती पुरे. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ ला १८० पट्ट्या स्थिर दिसल्या पाहिजेत. मात्र प्रत्येक एलईडी दिवा तसा लुकलुकत नाही, तेव्हा जुना पिवळा बल्ब शोधा, किंवा मोबाईल प्लॅटरवर ठेवून त्यातल्या जायरोस्कोपने मोजा.

अमेरिकेतून परतणाऱ्या मित्रांसाठी खास सूचना. तिथून टर्नटेबल आणणार असाल तर मोटर कुठली आहे बघा. विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालणारी एसी सिंक्रोनस मोटर असेल तर ती ६० हर्ट्झसाठी बनलेली असते. इथे ५० वर ती ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे मारेल. तुम्ही व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावाल, पण ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. पांढरी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनमध्ये, लय ढिली. आता बोला! पुली बदलून मिळते का, हे विमानात बसण्यापूर्वी विचारा.

वेगाबद्दल आणखी एक, जे पैशाने जवळजवळ सुटतच नाही. तबकडीचं मधलं भोक बरोबर मध्यावर नसेल तर प्रत्येक फेऱ्याला सूर वर-खाली होतो. १० सेंटिमीटर त्रिज्येवर एक मिलिमीटर चूक म्हणजे एक टक्का, साधारण १७ सेंट. आत ६ सेंटिमीटरवर तीच चूक साधारण २९ सेंट. प्रमाणश्रुती २२ सेंटची धरतात, म्हणजे षड्ज दर दोन सेकंदांनी एकेका श्रुतीहून जास्त वर आणि खाली झोके घेतो! नाकामिचीने १९८० च्या दशकात तबकडी आपोआप मध्यावर आणणारं टर्नटेबल काढलं होतं. तो अपवाद सोडला तर लाखाचं यंत्र घ्या नाहीतर दहा लाखांचं, हा झोका तसाच राहतो. टोनआर्म प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलतोय का बघा. डुलत असेल तर दोष तबकडीचा आहे, नवं टर्नटेबल घेऊ नका.

पाचवा खर्च: फोनो प्रीॲम्प. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. ते शंभरेक पट वाढवायचे आणि आरआयएए कर्व्ह उलटा लावायचा, हे त्याचं काम. इथे फार खर्च लागत नाही, पण एक आकडा जरूर बघा: कपॅसिटन्स. बऱ्याच एमएम कार्ट्रिजना ४७ किलोओहमसोबत १०० ते २०० पिकोफॅरड इतकीच कपॅसिटन्स हवी असते, आणि त्यात टोनआर्मची वायर, केबल आणि प्रीॲम्प सगळे धरायचे. केबल लांब किंवा भलतीच निघाली तर वरच्या स्वरांत नको तो फुगवटा येतो आणि आवाज कर्कश होतो. म्हणजे केबलने फरक पडतो, हो, पडतो! पण तो पिकोफॅरडमुळे, चांदीमुळे नाही. छोटी, कमी कपॅसिटन्सची साधी केबल घ्या आणि अर्थिंगची ती बारीक वायर जोडायला विसरू नका. अर्धी गुणगुण तिथेच थांबते.

यानंतर पैसे उरले तर स्पीकर आणि खोली. एक जाड सतरंजी, एक पुस्तकांनी भरलेलं कपाट. आणि टर्नटेबल स्पीकर असलेल्या टेबलावर नको, नाहीतर स्पीकरची थरथर सुईत जाते आणि सुईची स्पीकरमध्ये.

शंभर रुपयांचं बजेट असेल तर माझी वाटणी अशी: तीस कार्ट्रिज आणि सुईला, पस्तीस एखाद्या धडधाकट, भार कमी-जास्त करता येईल अशा टर्नटेबलला, दहा प्रीॲम्पला, पाच काटा-ब्रश-पाण्याला, वीस स्पीकरमध्ये भर म्हणून. केबलला वेगळा रकाना नाही.

आता कोणी म्हणेल, "अरे, पण ॲनालॉगचा तो ऊबदारपणा?" त्यासाठी २०२२ ची गोष्ट आठवा. मोबाईल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० प्रती काढायची त्यांनी घोषणा केली आणि जाणकारांना प्रश्न पडला, की ज्या पद्धतीने या तबकड्या काढतात त्यासाठी मूळ टेप इतक्या वेळा चालवायला देईल कोण? त्या वर्षी जुलैमध्ये कंपनीच्या इंजिनिअरांनी मान्य केलं की बऱ्याच तबकड्यांच्या वाटेत एक डिजिटल पायरी असते, आणि ती काही वर्षांपासून होती. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. मला त्यातली गंमत अशी वाटते की तोवर त्याच तबकड्यांच्या 'शुद्ध ॲनालॉग' आवाजावर लोक भरभरून लिहीत होते. शंका आली ती प्रतींच्या आकड्यावरून, आवाजावरून नाही!

त्याआधी २००७ मध्ये मायर आणि मोरान यांचा प्रयोग ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला होता. उच्च दर्जाच्या आवाजाच्या वाटेत गुपचूप १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीच्या दर्जाची पायरी घालायची आणि ऐकणाऱ्याला ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर. नाणं उडवूनही तेवढेच आले असते.

याचा मला लागणारा अर्थ: एलपीत जे काही आवडतं ते सगळं डिजिटल फाईलमध्ये मावतं. उलट मावत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? मला तर ही उत्तम बातमी वाटते. आम्ही चार मित्रांनी एका रविवारी एक एलपी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवून घेतली, आवाजाची पातळी मोजून सारखी केली आणि पडद्याआड कधी तबकडी, कधी फाईल असं आलटून पालटून ऐकलं. खात्रीने ओळखणारा एकही निघाला नाही, आणि त्यातला एक तर एलपीच्या बाजूने हिरिरीने भांडणारा.

म्हणून माझं म्हणणं असं, की टर्नटेबल सुधारण्याचा खरा उपयोग डिजिटलला हरवण्यासाठी नाही, दुर्मीळ तबकडीतून जितकं निघेल तितकं एकदा नीट काढून घेण्यासाठी आहे. नवी सुई, बरोबर कोन, स्वच्छ खाच, आणि शेजारी रेकॉर्डिंग चालू. घरच्यासाठी एक चांगली प्रत करून ठेवा, तिचा बॅकअप घ्या, आणि मग रोज ती प्रत ऐका. तबकडी सणासुदीला काढा. खरखर साफ करायचा मोह झाला तर मूळ फाईल तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर करा. जुन्या सीडींवर जे झालं ते आपण घरी पुन्हा करायला नको.

ज्यांच्याकडे फक्त सर्वत्र मिळणारे अल्बम आहेत त्यांनी एलपी मौजेसाठी खुशाल घ्यावी, मोठं कव्हर छान दिसतं, बाजू उलटायला उठावं लागतं, माणूस लक्ष देऊन ऐकतो. पण ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी पडून आहे त्यांच्याकडे सुई तपासण्याआधी वाजवायला वेळ नाही, असं समजा. दुकानात गेलात आणि विक्रेत्याने केबलचा डबा पुढे केला, तर त्याला एवढंच विचारा: ह्या कार्ट्रिजची सुई कुठल्या आकाराची, आणि ती बदलून मिळते का?

असो. माझी सुई २८० तासांवर आली आहे. वहीत मोजतो मी.